शिवराईवरील अक्षरभेद आणि टाकसाळीतील दोष

जुन्या नाण्यांवरील टाकसाळीतील दोष ओळखण्यासाठी डिजिटल सूक्ष्मदर्शकाचा उपयोग आता संग्राहकांप्रमाणेच अभ्यासकही करू लागले आहेत. उपकरण लहान आहे, स्वस्त आहे, आणि त्याने घेतलेले चित्र अनेकांना एकाच वेळी तपासता येते. अनुमानाची पद्धत मात्र त्या मानाने काटेकोर झालेली दिसत नाही. नाण्यावर जे जे वेगळे दिसेल त्याला ‘चूक’ म्हणावयाचे, असा एक सैल प्रघात पडला आहे. आणि लेखयुक्त नाण्यांच्या बाबतीत त्याचे परिणाम भाषेच्या इतिहासापर्यंत पोहोचतात.

शिवराईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या काळापासून चालू झालेल्या या तांब्याच्या नाण्याच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र / पति’ असा लेख असतो. पुढे पेशवाईतही याच नावाने शिवराया पाडल्या गेल्या. टाकसाळी परवान्याने खाजगी कारागिरांकडे असत. त्यामुळे लेखांत विविधता आली. ‘शिव’च्या जागी ‘सिव’, ‘पति’च्या जागी ‘पती’ अशी रूपे आढळतात. श आणि स यांचा उच्चारातील संकर, किंवा ऱ्हस्वदीर्घाविषयी कारागिरांची उदासीनता, यांचा पुरावा म्हणून ही रूपे पुढे करण्याचा मोह साहजिक आहे. परंतु ते रूप ठशात खरोखर कोरलेले होते, हे आधी ठरले पाहिजे.

येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली कोरणाऱ्याची: अक्षरे ठशात उलटी कोरावी लागत, आणि त्यात विसर पडला तर एखादेच अक्षर नाण्यावर आरशातल्यासारखे उमटते. दुसरी घावाची: ठसा चकतीपेक्षा मोठा असणे, घाव एका अंगाला बसणे, तो दोनदा बसणे, ठशातील खाच मळाने भरणे, किंवा आधीचे नाणे वरच्या ठशाला चिकटून राहणे. या शेवटच्या प्रकारात पुढच्या नाण्याची एक बाजू संपूर्णच उलटी व खोलगट उमटते. तिला कोरणाऱ्याची चूक मानणे उघडच गैर आहे. तिसरी गोष्ट म्हणजे नाणे टाकसाळीबाहेर पडल्यावर त्याला झालेली इजा. भाषाशास्त्राला उपयोग आहे तो केवळ पहिल्या प्रकाराचा.

सूक्ष्मदर्शकाचे खरे काम हे तीन प्रकार निवडण्याचे आहे, आणि तेथे तो फार उपयोगी पडतो. ठशाला तडा गेला असेल तर धातू त्या तड्यात शिरतो व नाण्यावर उंचावलेली रेघ येते. ओरखडा असेल तर रेघ खोल असते व तिच्या काठांवर धातू सरकून बारीक वरंबे उठतात. श आणि स यांतील भेद एका छोट्या आडव्या रेषेवर अवलंबून आहे. ती रेषा म्हणजे तडा आहे, गंजाची पुटकुळी आहे की कोरणीची खूण आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरविणे नेहमीच शक्य नसते. अशा वेळी ‘सिव’ वाचणाऱ्याने त्या रेषेच्या दोन्ही टोकांचे चित्र दिले पाहिजे. कोरलेली रेषा अक्षराच्या दांड्याशी थांबते. तडा दांड्याची पर्वा करीत नाही.

लेखाच्या मांडणीकडेही पुरेसे लक्ष दिले जात नाही. ‘शिव’मधील ऱ्हस्व वेलांटीची उभी रेघ ओळीच्या डाव्या टोकाला येते, तर ‘पति’मधील तीच रेघ ओळीच्या मध्ये येते. म्हणून घाव एका अंगाला बसला की पहिली सहज चकतीबाहेर जाते व ‘शव’ असे अभद्र वाचन उरते. दुसरी बहुधा टिकते. दीर्घ वेलांटीचे याच्या नेमके उलट होते: ‘पती’मधील रेघ उजव्या काठावर असल्याने गळते, आणि वाचक सवयीने ‘पति’ वाचून मोकळा होतो. म्हणजे या बाजूवर दीर्घ रूपांची गणना कमी भरण्याकडे मुळातच कल आहे. वेलांटीचे वरचे वळण कोणत्या बाजूने उतरते हे वर्धित चित्रात पाहिल्याविना अशा नाण्यांची आकडेवारी मांडणे व्यर्थ होय.

उपकरणाचे स्वतःचेही दोष आहेत. भिंगाभोवतीच्या दिव्यांचा वर्तुळाकार प्रकाश सर्व बाजूंनी पडतो व उठाव सपाट करतो; हे दिवे मालवून एका बाजूने तिरपा प्रकाश टाकावा लागतो. तो चित्राच्या खालच्या बाजूने आला तर उंच भाग खोल आणि खोल भाग उंच भासतो, म्हणजे वर सांगितलेली मुख्य कसोटीच उलटते. वेष्टणावर छापलेली वर्धनसंख्या पडद्याच्या आकारावर अवलंबून असल्याने चित्रात मोजपट्टी नसेल तर तिला अर्थ नाही. कडा ठळक करणारी संगणकीय प्रक्रिया तर नसलेली रेघही दाखवू शकते. बाजारात ‘दुर्मिळ चूक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्यांची चित्रे बहुधा याच तीन सवलतींवर उभी असतात.

याहून महत्त्वाचे असे की, एकच नाणे कितीही वर्धित केले तरी काही प्रश्न सुटत नाहीत. पाठचिकित्सेत दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळली तर त्यांचे मूळ एक असावे असे मानतात. पुण्यात १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे पोथ्या ताडून पाहण्याची ही शिस्त मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. नाण्यांनाही तीच लागू पडते. तोच दोष, त्याच जागी, त्याच आकाराने दोन नाण्यांवर दिसला तर तो ठशाचा. एकाच नाण्यावर असला तर घावाचा किंवा इजेचा असण्याचा संभव अधिक. ‘सिव’ असलेली दहा नाणी एकाच ठशातून उतरली असतील तर ती दहा साक्षी नव्हेत. एकाच कारागिराची ती एकच साक्ष आहे. ठशांची अशी जुळणी करण्यासाठी ठिपक्यांच्या वर्तुळातील प्रत्येक ठिपक्याचे अक्षरांपासूनचे अंतर ताडून पाहावे लागते, आणि या कंटाळवाण्या कामातच डिजिटल चित्रे एकमेकांवर ठेवून पाहण्याची सोय सर्वाधिक उपयोगाची आहे.