वजन न वाढण्याची नोंद

रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण हा ग्रंथ कोणी वाचत नाही. तो चाळायचा असतो. रुग्णाच्या कागदावरचे निदान त्यात शोधायचे, पुढचा सांकेतिक क्रमांक उतरवायचा आणि ग्रंथ मिटायचा. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या या ग्रंथाची, विशेषतः १९९० मध्ये संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीची, समीक्षा व्हायला हवी. (अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, पण दहाव्या आवृत्तीचे क्रमांक अजून अनेक ठिकाणी वापरात आहेत.) बाळाचे वजन वाढत नाही ही गोष्ट कागदावर कशी उतरते, यावर त्या बाळाकडे पुढे कोणाचे लक्ष जाणार हे अवलंबून असते.

वजन न वाढणे याला या ग्रंथात आर ६२.८ हा क्रमांक आहे. ‘आर’चे प्रकरण लक्षणांचे, ज्यांना इतर प्रकरणांत घर मिळाले नाही अशा लक्षणांचे. ही मांडणी मला प्रामाणिक वाटते. वजन न वाढणे हा मुळात रोग नव्हे. आहार अपुरा असेल, खाल्लेले नीट शोषले जात नसेल, किंवा जन्मजात हृदयदोष, क्षय यांसारख्या आजारात शरीराचा खर्चच वाढला असेल. जमाखर्च जुळत नाही, एवढेच हा क्रमांक सांगतो. गळती कुठे आहे ते सांगत नाही. म्हणजे तो एक प्रश्न आहे. पण छापील रकान्यात तो उत्तरासारखा दिसतो, आणि रकाना भरला की शोध थांबण्याची भीती असते.

अमेरिकेत या क्रमांकांवर विम्याचे पैसे अवलंबून असल्याने नियम काटेकोर आहेत. वजनाचे आकडे कितीही बोलके असोत, क्रमांक लावणाऱ्याने त्यांवरून स्वतः निदान करायचे नाही. डॉक्टरांनी ते शब्दांत लिहिलेले हवे. नियम योग्यच आहे. मात्र ज्याच्याविषयी कोणी वाक्यच लिहिले नाही, ते बाळ मोजणीत येत नाही.

आपल्याकडे हे वाक्य बहुधा अंगणवाडीत लिहिले जाते, आणि तेही रंगाने. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी मानके प्रसिद्ध केली. ज्या सहा देशांतील बालकांवरून ती बेतली, त्यांत भारतही होता. या मानकांवर आधारलेल्या आपल्या तक्त्यात वजन मध्यकापासून दोन प्रमाण विचलनांहून अधिक खाली गेले की पिवळा पट्टा, तिनांहून अधिक खाली गेले की नारिंगी, आणि वर सगळा हिरवा.

आता एक मुलगा घेऊ. सहाव्या महिन्यात त्याचे वजन ७.९ किलो, म्हणजे नेमके मध्यकाइतके. समजा, पुढचे सहा महिने ते एका ग्रॅमनेही वाढले नाही. वर्षाच्या मुलाचा मध्यक ९.६ किलो, पण पिवळा पट्टा सुरू होतो ७.७ किलोच्या खाली. मुलगा हिरव्यातच! आलेख शिकवताना वर्गात हे जरूर काढून पाहावे. बिंदूचे स्थान आणि रेषेचा चढ यांतला फरक याहून स्पष्ट करणारे उदाहरण सापडणे कठीण.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के मुले कमी वजनाची आढळली. अशा पाहणीत मूल एकदाच तोलले जाते, त्यामुळे आपला मुलगा त्या ३६ टक्क्यांत नसणार. पाहणीचा तो हेतूही नाही. पण अंगणवाडीत दर महिन्याला वजन घेऊनही आपण फक्त रंगच वाचत असू, तर दर महिन्याला तोलायचे तरी कशाला? नायजेरियातील खेड्यात काम करताना असा तक्ता रूढ करणारे डॉ. डेव्हिड मॉर्ले रेषेच्या दिशेलाच अधिक महत्त्व देत. तक्त्याला त्यांनी नावच दिले होते ‘आरोग्याची वाट’.

दिशा वाचण्यात एक अडचण आहे, ती लपवू नये. नऊ ते बारा महिन्यांच्या मुलाचे वजन महिन्याला सरासरी सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वाढते. टांगत्या काट्यावरचा सर्वांत लहान भाग १०० ग्रॅमचा. त्यात एखादे झबले, नुकतेच प्यायलेले दूध, हातपाय झाडणारे मूल. तेव्हा एका महिन्याच्या सपाट रेषेवरून काहीच ठरत नाही. पण तीन महिन्यांत अपेक्षित वाढ ७०० ग्रॅम होते, आणि ती काट्याच्या चुकीत बुडत नाही. तेव्हा तक्त्यावर हिरवा रंग असला तरी शेजारी ‘तीन महिने वजन वाढलेले नाही’ एवढे चार-पाच शब्द लिहावेत. डॉक्टरांच्या हाती कार्ड पडेल तेव्हा आर ६२.८ लिहायला, आणि त्यापुढचे कारण शोधायला, त्यांना तेवढाच आधार असतो.