ई-पुस्तकाचे कूळ

ई-पुस्तक कोठूनही मिळवा, मजकूर तोच, असा समज आमच्या पिढीतील वाचकांत रूढ आहे. अनुभवान्ती आमचे मत निराळे झाले आहे.

बाबा पदमनजी हे जन्माने बेळगावचे. त्यांची १८५७ सालची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाली आहे. तिची छायाप्रत आम्ही सहा इंची पडद्याच्या वाचनयंत्रावर उघडली. पान दिसले, परंतु वाचवेना. छायाप्रत म्हणजे पानाचे चित्र. अक्षर मोठे करावे तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. शब्द शोधावा तर यंत्राच्या लेखी तेथे शब्दच नसतो.

दुसरे कूळ अधिक फसवे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी संगणकावर जुळविलेल्या बहुतेक मराठी पुस्तकांच्या टंकांत देवनागरी आकृतीमागे रोमन अक्षराचा संकेत असे. अशा पुस्तकाची पीडीएफ डोळ्यांस निर्दोष दिसते; तिचे ईपबमध्ये रूपांतर केले की पानभर रोमन अक्षरांचा काला उरतो.

तिसरे कूळ युनिकोडमध्ये टंकलेल्या व मुद्रितशोधन झालेल्या ईपबचे. त्यातील ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने जुळतात, अक्षर हवे तेवढे वाढविता येते. चष्म्याचा क्रमांक वाढत चाललेल्या वाचकास याहून मोठी सोय नाही. येथेही सावधपणा हवाच. 'तऱ्हा' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी नोंदविता येतो. एका रीतीने शोधल्यास दुसरीने टंकलेला शब्द पुष्कळदा सापडत नाही.

दुकानाचा प्रश्न त्यामानाने गौण आहे. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तके विकत मिळू लागली. तेथील कुलूपबंद पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या वाचनयंत्रावर उघडत नाही, ही अडचण खरी. परंतु विकतचे पुस्तक सुबक आणि फुकटचे गचाळ, असा नियम नाही. प्रत कोणत्या आवृत्तीवरून केली, कोणी टंकली, कोणी तपासली, यावर सारे अवलंबून असते. छापील पुस्तक आवृत्ती व मुद्रणालय सांगते. ई-पुस्तके बहुधा याविषयी मौन पाळतात. आमचा मुख्य आक्षेप या मौनावर आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांस हा आक्षेप क्षुल्लक वाटू नये. गावात मराठी पुस्तकांचे दुकान नसते. नातवंडांच्या हाती मराठी येते ती पडद्यावरूनच. पहिलीच प्रत वाचवेनाशी निघाली, तर मुले प्रतीस नव्हे, भाषेस कंटाळतात.

म्हणून प्रत घेताना नमुना उघडून दोन परीक्षा कराव्यात: अक्षर वाढवून ओळी नीट जुळतात का पाहावे, आणि समोर दिसणारा एखादा शब्द शोधून पाहावा. ज्यांच्या कपाटात स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तके आहेत, त्यांनी छायाचित्रे काढून थांबू नये. पाचजणांनी पाने वाटून घेऊन ती टंकावीत, एकमेकांची तपासावीत आणि आरंभी आवृत्तीचे साल अवश्य नोंदवावे.