फाटक्या बखरीची कबुली

चार्ल्स डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ साली लंडनला प्रसिद्ध झाला. तो वाचायला जड आहे. उदाहरणांमागून उदाहरणे येतात आणि वाचक थकतो. सिद्धांत मात्र साधा. पिल्ले पुष्कळ जन्मतात, थोडी जगतात. ज्यांच्यातला जन्मजात फरक परिस्थितीला जुळतो ती अधिक तगतात आणि तो फरक पुढल्या पिढीत उतरतो. हीच नैसर्गिक निवड. ‘निवड’ हा शब्द तेवढा फसवा. येथे निवडणारा कोणीच नाही.

मला मोलाचे वाटते ते जीवाश्मांचे प्रकरण. कथानकातली भोके आम्ही कादंबरीकार झाकतो. डार्विन ती स्वतः दाखवतो. मधले दुवे का सापडत नाहीत? तर पृथ्वीची बखरच फाटकी आहे, असे तो म्हणतो. ही पळवाट वाटावी! परंतु १८६१ साली बव्हेरियात आर्किऑप्टेरिक्स मिळाला: पिसे पक्ष्याची, लांब हाडांची शेपटी सरड्यासारखी. २००४ साली कॅनडाच्या उत्तर टोकाकडील बेटावर टिकटालिक हा मासा मिळाला. त्याच्या परांमध्ये मनगटासारखी हाडे होती.

पाने अजूनही पुष्कळ हरवलेली आहेत. पण जी सापडली, ती याच बखरीत बसली. ग्रंथाची खरी परीक्षा हीच नव्हे काय?