हजार पूर्ण झाले होते

सादाको सासाकीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत, बहुधा ६ ऑगस्टच्या आसपास ऐकलेली असते. हिरोशिमाची मुलगी. अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गामुळे झालेला रक्ताचा कर्करोग. हजार कागदी क्रौंच केलेस तर बरी होशील, असं मैत्रीण सांगते. सादाको घड्या घालत राहते आणि ६४४ पक्षी झालेले असताना जाते. उरलेले ३५६ तिच्या वर्गातली मुलं करतात, आणि पूर्ण हजार पक्षी तिच्यासोबत पुरले जातात.

ही गोष्ट या रूपात जगभर पोहोचवली ती एलिनॉर कोअर यांच्या १९७७ सालच्या 'सादाको अँड द थाउजंड पेपर क्रेन्स' या छोट्याशा इंग्रजी पुस्तकाने. टाकाऊतून विज्ञानखेळणी करणाऱ्या पुण्याच्या अरविंद गुप्तांनी ती हिंदीतही आणली. पुस्तक तासाभरात वाचून होतं आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणतं.

अडचण एवढीच आहे की सादाको ६४४ वर थांबली नव्हती. हिरोशिमाच्या शांतता स्मृती संग्रहालयाच्या माहितीप्रमाणे ऑगस्ट १९५५ संपता संपता तिचे हजार पक्षी पूर्ण झाले होते. त्यानंतरही ती करतच राहिली. तिचा थोरला भाऊ मासाहिरो सासाकी याने सू डिचिको या अमेरिकी लेखिकेसोबत लिहिलेल्या 'द कम्प्लीट स्टोरी ऑफ सादाको सासाकी' या पुस्तकातही हेच येतं. सादाको गेली २५ ऑक्टोबर १९५५ ला, बारा वर्षांची असताना. म्हणजे हजार पूर्ण झाल्यानंतर जवळपास दोन महिन्यांनी.

तुम्ही म्हणाल, आकड्याने काय फरक पडतो? मुलगी तर गेलीच. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो. ६४४ च्या गोष्टीत एक प्रोग्रेस बार आहे. तो ६४.४ टक्क्यांवर अडकतो, म्हणून आपण हळहळतो. पण त्या हळहळीत एक छुपा दिलासाही असतो: अजून थोडा वेळ मिळाला असता तर! नियम खरा होता, मुलगी कमी पडली. शिवाय शेवटी मित्रमैत्रिणी बार शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवतात आणि वाचकाच्या मनातली रुखरुखही मिटते.

खऱ्या गोष्टीत ही सोय नाही. तिथे मुलगी सांगितलेलं सगळं करते, आकडा गाठते, आणि ताप उतरत नाही. मग दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कागद हातात घेते. का घेते, हा प्रश्न कोअर यांच्या पुस्तकात उभाच राहू शकत नाही, कारण तिथे तो दिवस उजाडतच नाही.

आता त्या घराकडे बघू. ६ ऑगस्ट १९४५ ला सादाको दोन वर्षांची होती, मासाहिरो चारचा. घर स्फोटाच्या केंद्रापासून साधारण दीड-पावणेदोन किलोमीटरवर. आई दोघांना घेऊन नदीकडे धावली आणि त्यांच्या अंगावर तो काळा पाऊस पडला. आजी काहीतरी आणायला मागे फिरली, ती परत आली नाही. पुढे वडिलांचं केशकर्तनालय पुन्हा उभं राहिलं, आणखी दोन भावंडं झाली. सादाको सहावीत रिले शर्यतीत पळायची. १९५४ च्या हिवाळ्यात मानेवर गाठी दिसल्या आणि २१ फेब्रुवारी १९५५ ला तिला रेडक्रॉस रुग्णालयात दाखल केलं. तिच्या आजारावर त्या काळी बरं करणारा इलाज नव्हता.

एकाच घरातली, एकाच पावसात भिजलेली दोन भावंडं. एक बारा वर्षांची होऊन गेली, दुसरा आयुष्यभर तिच्याबद्दल बोलत राहिला. या दुसऱ्याचं कोअर यांच्या पुस्तकात काय होतं? मासाहिरो तिथे पक्षी छताला टांगून देतो. बस, एवढंच काम. पक्षी कसे करायचे हे शिकवायला मैत्रीण आहे, आजाराची भीती दाखवायला केंजी नावाचा एक काल्पनिक मुलगा आहे, रडायला आई आहे. भावाच्या वाट्याला दोरा आला आहे.

जपानमध्ये हजार पक्ष्यांच्या माळेला 'सेंबाझुरू' म्हणतात. क्रौंच हजार वर्षं जगतो अशी जुनी समजूत आहे, म्हणून तो दीर्घायुष्याचं चिन्ह. ही माळ बहुतेकदा इतरांनी मिळून आजारी माणसासाठी करायची असते. सादाकोच्या रुग्णालयातही ऑगस्टमध्ये नागोयाच्या लोकांनी अशा माळा पाठवल्या होत्या, आणि त्या पाहून तिने सुरुवात केली, असं संग्रहालय सांगतं. म्हणजे ज्याच्यासाठी करायचं तोच इथे करणारा झाला. कागद महाग, म्हणून औषधाच्या पुड्यांचे कागद, भेटवस्तूंची वेष्टणं, मिळेल ते. पुढे पुढे पक्षी इतके लहान झाले की घड्या सुईच्या टोकाने घालाव्या लागत. त्यातले काही आजही संग्रहालयात आहेत. कागदी क्रौंच करून बघितला असेल तर कळेल, हाताच्या तळव्याएवढ्या कागदावरसुद्धा चोच काढताना बोटं अडखळतात.

पण सादाको आणखीही काही मोजत होती. तिच्या मृत्यूनंतर घरच्यांना एक कागद सापडला. त्यावर तिने आपल्या रक्ततपासणीचे आकडे, पांढऱ्या पेशी किती वाढल्या ते, लिहून ठेवले होते. आजाराचं नाव घरच्यांनी तिच्यापासून लपवलं होतं. आपल्याला ते समजलं आहे, हे तिने घरच्यांपासून लपवलं. घरातली पैशांची ओढाताण तिला ठाऊक होती आणि दुखत असलं तरी ती बोलून दाखवत नसे, असं मासाहिरो सांगतो. पक्ष्यांची मोजणी सगळ्या जगाला माहीत आहे. दुसरी मोजणी तिने एकटीने केली.

हे वाचताना मला आपली घरं आठवली. 'तिला सांगू नका' आणि 'त्याला अजून काही कळत नाही' ही दोन वाक्यं आपल्याकडेही प्रत्येक मोठ्या आजारपणात असतात. पहिलं आजारी मुलासाठी, दुसरं त्याच्या भावंडासाठी. भावंडाला तेवढ्यात कुणी मामाकडे पाठवतं, कुणी 'शहाण्यासारखा वाग' म्हणतं. त्याला दुःख करायची वेगळी जागा नसते, कारण आईवडिलांचं दुःख आधीच घरभर पसरलेलं असतं.

म्हणून मासाहिरोच्या पुस्तकाकडून माझी अपेक्षा मोठी होती, आणि ती अर्धीच पुरी झाली. तपशिलाच्या बाबतीत ते कोअर यांच्या कितीतरी पुढे आहे. आईने शिवलेला चेरीच्या फुलांचा किमोनो आहे. शेवटच्या दिवशी सादाकोने मागितलेला चहात भिजवलेला भात आहे, आणि तो खाऊन 'छान आहे' म्हणणं आहे. मृत्यूच्या प्रसंगात कोअर पक्ष्यांचं उडणं आणतात. भाऊ भाताचा घास आठवतो. या एका फरकात मला दोन्ही पुस्तकांचं मूल्यमापन दिसतं. भाताचा घास नुसत्या कल्पनेने सुचत नाही, त्यासाठी त्या खोलीत असावं लागतं.

मात्र त्याच खोलीत उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल पुस्तक फार कमी बोलतं. पाऊस त्याच्यावरही पडला होता. आता माझी पाळी, असं त्याला वाटलं का? बहिणीकडेच सगळ्यांचं लक्ष याचा कधी राग आला का? सादाकोचं वर्णन इतकं आदराने केलं आहे की ती कधी हट्टी किंवा चिडकी वाटतच नाही. भाऊ तिचं सार 'ओमोइयारी' या शब्दात सांगतो: दुसऱ्याच्या मनाचा विचार करणं. शब्द सुंदर आहे. पण दुसऱ्याचा विचार करताना स्वतःचं दुखणं गिळायचं, हीच तर बहिणीची सवय होती. पुस्तक लिहिताना भावानेही तेच केलेलं दिसतं.

क्रौंच म्हटलं की आपल्याकडे वाल्मीकी आठवतो. बाणाने एक पक्षी पडतो आणि मागे राहिलेल्याचा आक्रोश ऐकून कवीला शब्द फुटतात. आपल्या परंपरेत काव्याची सुरुवात मागे राहिलेल्यापासून होते, हे विसरू नये. जपानमध्येही १७९७ साली छापलेलं, जोडक्रौंचांच्या घड्या शिकवणारं एक पुस्तक आहे: 'हिदेन सेंबाझुरू ओरिकाता'. त्यात एकाच कागदाला नेमक्या जागी चिरा देऊन अनेक पक्षी करतात. ते चोचीला किंवा पंखाच्या टोकाला एकमेकांशी जोडलेले राहतात. जोड इतका बारीक असतो की एका पक्ष्याची घडी घालताना दुसराही ओढला जातो. भावंडांवर लिहिणाऱ्या कुणालाही ही रचना उपयोगी पडेल. कोअर यांचे हजार पक्षी सुटे आहेत, त्यांना फक्त संख्या आहे.

तरीही कोअर यांचं पुस्तक निकालात काढता येत नाही, आणि त्याचं कारण खुद्द मासाहिरोच्या आयुष्यात आहे. बॉम्ब टाकण्याचा निर्णय घेणारे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचा नातू क्लिफ्टन ट्रुमन डॅनियल याच्या मुलाने हेच पुस्तक शाळेत वाचून घरी आणलं. त्यातून नातवाला सादाको कळली, आणि पुढे मासाहिरोशी ओळख झाली. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये दोघे भेटले, तेव्हा सादाकोने शेवटी केलेल्यांपैकी एक चिमुकला पक्षी डॅनियलच्या तळहातावर ठेवला गेला. चुकीच्या आकड्याच्या गोष्टीने ही भेट घडवली. मुलांना रडवून विचार करायला लावण्याची ताकद त्या पुस्तकात आहे, हे मान्यच करायला हवं.

मग मुलांना कुठलं द्यावं? आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कोअर यांचं द्या, पण शेवटी सांगा की हजार पूर्ण झाले होते. 'मग ती बरी का नाही झाली?' असं मूल विचारेल. उत्तर देणं जड जाईल, पण ज्या घरात एखादं मूल खरोखर आजारी आहे, तिथल्या भावंडाला हेच ऐकायची गरज असते: तू कमी पडला नाहीस, आणि तीही कमी पडली नाही.

मासाहिरो अनेक वर्षं ते पक्षी एकेक करून देऊन टाकत आला आहे. एक न्यूयॉर्कला, जुळे मनोरे पडले तिथल्या स्मृतिकेंद्राला. एक पर्ल हार्बरला, जिथे जपानने बॉम्ब टाकले होते. एक ट्रुमन यांच्या ग्रंथालयाला. बहिणीची मोजणी वर जात होती, भावाची खाली येत आहे. त्याच्याकडे आता थोडेच उरले आहेत.