‘दो आँखें बारह हाथ’ हा पुरावा नव्हे: गुन्हेगारांच्या पुनर्वसनावर प्रकल्प करणाऱ्यांसाठी एक टिपण



‘शिक्षा आणि गुन्हेगारांचे पुनर्वसन’ हा विषय मानव्यविद्येच्या ऐच्छिक प्रकल्पासाठी दरवर्षी कोणीतरी घेतेच. मी मध्य प्रदेशातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवते, आणि असे प्रकल्प तपासणे हे माझ्याकडे आलेले जादा काम आहे. दोन वर्षांपूर्वी पाच जणांच्या एका गटाने याच विषयावर सादरीकरण केले. सुरुवातीला ‘दो आँखें बारह हाथ’ची चित्रफीत, मध्ये नॉर्वेच्या तुरुंगांची छायाचित्रे, शेवटी तीन देशांची तुलना करणारा स्तंभालेख. सगळे नीटनेटके होते. मी २० पैकी १८ गुण दिले. सादरीकरण संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, त्या सहा जणांनी ज्यांचे खून केले, त्यांच्या घरच्यांचे काय झाले?” गटाकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. त्या रात्री मी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि स्तंभालेखही पुन्हा पाहिला. १८ गुण मी चुकून दिले होते असे माझे मत झाले. हे टिपण त्या चुकीतून आलेले आहे.

आधी चित्रपटाविषयी. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९५७ चा. कथा ग. दि. माडगूळकरांची. आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर काढतो, एका ओसाड जमिनीवर त्यांच्याबरोबर राहतो, राबतो. जमीन पिकते, भाजी बाजारात जाते, तिथल्या व्यापाऱ्याचा धंदा बसू लागतो आणि त्या वैरातून अखेर आदिनाथचा जीव जातो. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ मध्ये त्याला रौप्य अस्वल मिळाले. चित्रपट आजही पाहावासा वाटतो, यात शंका नाही. पण मोठा चित्रपट म्हणजे मोठा पुरावा नव्हे. तो आपल्याला नेमके काय सांगतो, हे वाक्यात लिहून पाहा. ‘माणूस सुधारू शकतो’ असे बहुतेक जण लिहितात. चित्रपट त्याहून अरुंद गोष्ट सांगतो: एका विलक्षण माणसाच्या नजरेखाली माणूस सुधारतो. नावच पाहा. हात कैद्यांचे, डोळे जेलरचे. बारा हातांनी राबायचे आणि दोन डोळ्यांनी पाहायचे. जेलर गेल्यावरही ते डोळे उरतात. म्हणजे भिंत काढली, पण पहारा काढला नाही; तो कैद्यांच्या मनात नेऊन ठेवला. (इथे लगेच फूकोचे नाव टाकायचा मोह होईल. आधी स्वतःच्या शब्दांत लिहा, मग हवे तर टाका.)

आता हा चित्रपट ज्या प्रयोगावर बेतला, त्याच्याकडे वळू. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. त्यामागे प्रामुख्याने मॉरिस फ्रीडमन होते: पोलंडमध्ये जन्मलेले, भारतात येऊन बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात काम केलेले. तुमच्यामाझ्यासारखेच अभियंता, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याच वर्षी प्रजेला राज्यकारभार देणारी घटना मंजूर केली होती. वसाहत त्याच काळातली. माडगूळकर याच आटपाडी परिसरातले, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या घराजवळची होती. वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. आणि तिथे कैदी कुटुंबासह राहू शकतात, शेती करतात.

चित्रपट आणि वसाहत यांच्यातला फरक इथे आहे. पडद्यावरच्या त्या शेतावर कुटुंब नांदत नाही. सगळा भार एकट्या जेलरच्या चारित्र्यावर आहे. प्रत्यक्षात खुली कारागृहे चालतात ती संतांवर नाही, तर कंटाळवाण्या गोष्टींवर: हजेरी, मजुरी, बायकामुले, शाळा, घरी परतायची वेळ. जयपूरजवळच्या सांगानेरचे खुले बंदी शिबिर १९६३ पासून चालू आहे. राजस्थानचे तेव्हाचे राज्यपाल संपूर्णानंद यांचे नाव त्याला दिलेले आहे. तिथले कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर स्वतःचे काम शोधून कमावतात आणि हजेरीला परत येतात. त्यांना कोणी आदिनाथ लागत नाही. अधिकारी बदलून गेला तरी व्यवस्था चालू राहते. चित्रपटाने नेमकी ही नीरस बाजू गाळली, आणि नाट्यासाठी ते समजण्यासारखे आहे. तुमच्या प्रकल्पाला मात्र नीरस बाजूच हवी.

यापुढचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. चित्रपटात आदिनाथ मुद्दाम अट्टल खुनी निवडतो. आपल्या राज्यांची खुली कारागृहे याच्या नेमके उलट करतात. शिक्षेचा ठरावीक भाग बंद तुरुंगात काढलेला, वर्तणूक चांगली असलेला, पळून जाण्याची भीती कमी असलेला कैदीच तिथे पाठवला जातो. मग तिथून कोणी फारसे पळत नाही, यावरून काय सिद्ध होते? पद्धत चांगली आहे, की निवड चांगली आहे? प्रयोगशाळेत तुम्ही आधीच तपासून पास झालेले नमुने यंत्रात घातले आणि एकही तुटला नाही, तर मी तुम्हाला यंत्राबद्दल निष्कर्ष काढू देणार नाही. गमतीची गोष्ट अशी की प्रयोगाची मांडणी म्हणून पाहिले तर चित्रपटच अधिक धाडसी आहे: त्याने सर्वांत कठीण नमुने घेतले. फक्त निकाल लेखकाच्या हातात होता. म्हणून चित्रपटाला गृहीतक म्हणून वापरा. ‘कठीण कैद्यांनाही मोकळीक दिली तर चालेल का?’ हा प्रश्न तो विचारतो, आणि आपल्या व्यवस्थेने तो स्वतःला क्वचितच विचारला आहे.

आता तो स्तंभालेख. नॉर्वे २० टक्के, अमेरिका ६८ टक्के, भारत काही मोजके टक्के. उंच, मध्यम, बुटका असे तीन स्तंभ असले की निष्कर्ष आपोआप निघतो. पण छेदात काय आहे ते पाहा. नॉर्वेचा आकडा सुटकेनंतर दोन वर्षांत पुन्हा दोषी ठरून शिक्षा झालेल्यांचा आहे. अमेरिकेचा आकडा २००५ मध्ये ३० राज्यांतून सुटलेल्यांपैकी तीन वर्षांत पुन्हा अटक झालेल्यांचा आहे. अटक आणि दोषसिद्धी एक नाही, दोन वर्षे आणि तीन वर्षे एक नाहीत. भारताचा आकडा तर तिसऱ्याच जातीचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या कारागृहविषयक वार्षिक अहवालात सराईत गुन्हेगारांचे प्रमाण दिलेले असते. ते त्या वर्षीच्या दोषसिद्ध कैद्यांतले प्रमाण आहे. सुटलेल्या माणसाच्या मागे जाऊन तो काय करतो हे त्यात कोणी पाहिलेले नाही. एका इंजिनाची कार्यक्षमता इंधनाच्या उष्णतेवर काढली, दुसऱ्याची चाकाशी मिळालेल्या शक्तीवर, आणि दोन्ही एकाच आलेखावर मांडले, तर तुम्हीच हसाल. ‘भारतात पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण नॉर्वेपेक्षाही कमी’ असे वाक्य मी तीन वेगवेगळ्या अहवालांत वाचले आहे, आणि एकदा, वर सांगितल्याप्रमाणे, त्याला गुणही दिले आहेत.

त्याच वार्षिक अहवालातला एक आकडा मात्र प्रत्येक प्रकल्पात पहिल्या पानावर हवा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून शाबित झालेला नव्हता. तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६. तुमचा प्रकल्प ‘गुन्हेगारांच्या पुनर्वसना’बद्दल आहे आणि आत बसलेल्या चारपैकी तीन जणांना कायदा अजून गुन्हेगार म्हणत नाही. त्यांना सुधारायचे कशापासून? या प्रश्नाला बगल देऊन लिहिलेले ‘भारतीय तुरुंगांतील सुधारणा’ हे प्रकरण मला यापुढे मान्य नाही.

रॉबर्ट मार्टिन्सन यांचा १९७४ चा लेख बहुतेक जण एका ओळीत उडवतात: ‘काहीच लागू पडत नाही.’ २३१ अभ्यास तपासून त्यांनी निराशेचा सूर लावला होता हे खरे, पण १९७९ मध्ये त्यांनी स्वतःच ते मत सौम्य केले. उद्धृत करायचे तर दोन्ही करा, नाहीतर सोडून द्या.

आता मागच्या बाकावरच्या त्या मुलीचा प्रश्न. चित्रपट त्यापाशी थांबत नाही. आपला कायदा थोडा थांबतो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात आरोपीला सोडताना न्यायालय त्याला नुकसानभरपाई द्यायला लावू शकते. १९९८ मध्ये गुजरातसंबंधीच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सक्तमजुरीच्या कैद्यांना रास्त मजुरी द्यावी असे सांगितले आणि त्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी बाजूला ठेवण्याचा विचारही मांडला. म्हणजे कैद्याला चांगली मजुरी देणे आणि पीडिताचा विचार करणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे मानायचे कारण नाही. मजुरीच नसेल तर तो देणार कुठून? आझादनगरच्या भाजीचे पैसे कुठे गेले असते, हा प्रश्न त्या दृष्टीने विचारून पाहा. माझ्या मते पुनर्वसनावरचा जो प्रकल्प पीडिताला एकही पान देत नाही, तो अर्धाच आहे. ज्यांच्या घरात असे काही घडले आहे तेही तुमच्या वर्गात बसलेले असू शकतात.

मग करायचे काय? तुरुंगात जाऊन कैद्यांकडून प्रश्नावली भरून घेण्याचा बेत बहुतेक गट करतात. परवानगी कारागृह विभागाच्या वरिष्ठांकडून लागते, ती सहसा सत्र संपेपर्यंत येत नाही, आणि आली तरी शिपाई शेजारी उभा असताना कैदी काय सांगणार? त्याऐवजी न्यायालयाकडे वळा. परिवीक्षा कायद्याच्या कलम ६ प्रमाणे २१ वर्षांखालील आरोपीला, गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल तर, कारण नोंदवल्याशिवाय तुरुंगात पाठवता येत नाही. तो तुमच्याच वयाचा मुलगा आहे, हे विसरू नका. याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०२ नुसार, परिवीक्षेवर सोडणे शक्य असूनही सोडले नाही, तर न्यायाधीशाने खास कारणे लिहायला हवीत. जुन्या संहितेत हेच कलम ३६१ होते. जिल्हा न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सवर वाचता येतात. तुमच्या जिल्ह्यातले चोरीचे ३० निकाल घ्या, ज्यांत दोषसिद्धी झाली आहे असे. आरोपीचे वय किती? परिवीक्षेचा विचार झाला का? नाकारली असेल तर कारण लिहिले आहे का, की ‘अशा गुन्ह्यांत दया दाखवू नये’ एवढेच? पीडिताला भरपाई दिली का? जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली आहे, पाच हजारांखालची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल तेव्हाही. ती कोणी दिली आहे का? अहवालात आरोपीचे आणि फिर्यादीचे नाव लिहू नका, निकाल सार्वजनिक असला तरीही.

सोबत जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कार्यालयात एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका: गेल्या वर्षी न्यायालयाने किती अहवाल मागवले, किती जणांना देखरेखीखाली सोडले. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून सत्राच्या पहिल्या आठवड्यातच टाका. उत्तर ‘निरंक’ आले तरी ते उत्तरच आहे, आणि ३० निकालांशेजारी ठेवले तर त्या स्तंभालेखापेक्षा बरेच काही सांगेल.

त्या गटाचे १८ गुण आता बदलता येत नाहीत. यंदाच्या गटानेही त्याच चित्रपटाची चित्रफीत दाखवायची परवानगी मागितली आहे. मी हो म्हटले, पण आधी अर्जाची पोच दाखवा असे सांगितले आहे. चित्रफीत सहा जणांच्या निवडीच्या प्रसंगापासून लावायची आहे.