टिळकांचे अभंग आणि तरुण कंठ

नागापुराशेजारचें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कर्मभूमि. १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळीं मराठी उपासनेंत इंग्रजी गीतांचीं पुष्कळशीं भाषांतरें परक्या चालींवर म्हटलीं जात. चाल सांभाळावयाची तर ऱ्हस्वाचें दीर्घ करावें लागे. शब्द ओठांवरच राहत, अंतःकरणांत उतरत नसत.

टिळकांना अभंग जवळचा वाटला. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चरण आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचें यमक यांमुळें वाचतां न येणाऱ्या मुलासहि तो चटकन पाठ होतो. टाळमृदंगाची सवय तर घरोघर होतीच.

त्यांचीं सारींच पदें एका उंचीचीं नाहींत. कांहींत उपदेश काव्याच्या पुढें धांवतो. परंतु उत्तम अभंगांत तुकोबांच्या वळणाची आर्तता ख्रिस्तचरणीं वाहिलेली आढळते.

आजचे तरुण तीच भक्ति गिटारवर गातात, याचा आम्हांस विषाद नाहीं. वाद्य कोणतेंहि असो; देवाला हांक मात्र आपल्या बोलींत, आपल्या श्वासाच्या लयींत मारतां यावी. १९१९ सालीं निवर्तलेल्या या कवीचें तरुणांवरील ऋण तें हेंच.