तैनात आणि साहाय्य : अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध शेजारी देशांस पुरविल्या जाणाऱ्या युद्धसामग्रीची चिकित्सा

अमली पदार्थांचा चोरटा व्यापार रोखण्यासाठी एका राज्याने शेजारच्या राज्यास गस्तीनौका, विमाने, हेलिकॉप्टरे आणि टेहळणीची यंत्रे पुरवावीत, हे धोरण बहुतेक सर्वत्र निर्विवाद मानले जाते. व्यसनाचा पुरस्कार कोणीच करीत नाही; त्यामुळे व्यसनाविरुद्ध म्हणून दिलेल्या शस्त्रास हरकत घेणेही अवघड होऊन बसते. तथापि, ज्या धोरणास सहसा कोणी हरकत घेत नाही त्याचीच चिकित्सा अधिक अगत्याची असते. हे धोरण तीन गृहीतांवर उभे आहे. पहिले असे की, विष बाहेरून येते. दुसरे असे की, चोरटा व्यापार कोणता आणि उजळ व्यापार कोणता ह्याविषयी देणारा व घेणारा ह्यांत एकमत असते. तिसरे असे की, एकदा दिलेली सामग्री घेणाऱ्याचीच होते व त्याच्याच इच्छेने चालते.

ही तिन्ही गृहीते तपासण्यास वसई तालुक्याइतकी सोयीची भूमी क्वचितच आढळेल. तालुक्याच्या पश्चिमेस, खाडीच्या मुखाशी, वसईचा किल्ला आहे. जेथे बाजीराव दुसरा आश्रयास आला व लष्करी साहाय्याचा इतिहासप्रसिद्ध करार झाला ती वसई हीच. किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस गेले की दमण लागते. एकोणिसाव्या शतकात अफूच्या चोरट्या निर्यातीचे ते एक प्रमुख बंदर होते. आणि रेल्वेच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराकडे व मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे, सातिवलीसारखी गावे आहेत. त्यांच्या शेतजमिनींवर गेल्या काही दशकांत लहान कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. किल्ला, किनारा आणि गाळा ही तीन स्थळे वरील तीन गृहीतांना उलट्या क्रमाने उत्तरे देतात.

प्रथम वर्तमान व्यवहाराचे स्वरूप पाहणे योग्य होईल. भारताने हिंदी महासागरातील शेजाऱ्यांस दिलेली सामग्री एकाच प्रकारची नाही. २००६ मध्ये भारतीय नौदलातील 'तिलांचांग' ही नौका मालदीवला देण्यात आली व तेथे तिचे 'हुरावी' असे नामकरण झाले. २०२३ मध्ये तिच्या जागी दुसरी नौका देण्यात आली. २०१९ मध्ये 'कामियाब' ही वेगवान गस्तीनौका त्याच देशास मिळाली. श्रीलंकेस १५ ऑगस्ट २०२२ रोजी एक डॉर्नियर विमान देण्यात आले. ह्याउलट, २०१७ व २०१८ मध्ये श्रीलंकेच्या नौदलात दाखल झालेल्या 'सयुराला' व 'सिंदुराला' ह्या मोठ्या गस्तीनौका गोव्यात वास्को येथील गोवा शिपयार्डने बांधल्या होत्या आणि त्यांचा व्यवहार खरेदीचा होता. हा कारखाना १९५७ मध्ये पोर्तुगीज राजवटीत स्थापन झाला. परकीय सत्तेची गोदी शेजाऱ्यांस गस्तीनौका पुरविणारी व्हावी, ही घटना दखल घेण्याजोगी आहे. देणगी, उसनवार, कर्ज आणि विक्री ह्या चारही व्यवहारांस वृत्तपत्रांतून व भाषणांतून 'मदत' हा एकच शब्द लावला जातो. चिकित्सेची पहिली पायरी म्हणजे ह्या शब्दाची फोड करणे. विकत घेतलेल्या वस्तूचा धनी कोण हे स्पष्ट असते. देणगीदाखल आलेल्या वस्तूचे तसे नसते.

ह्या धोरणाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे नाकारता येणार नाही. मकरान किनाऱ्याकडून निघणारी पडावे पश्चिम हिंदी महासागरातून हेरॉइन, चरस आणि मेथॅम्फेटामाइन दूरदूर नेतात. मार्च २०२५ मध्ये 'तर्कश' ह्या भारतीय युद्धनौकेने अशाच एका पडावातून सुमारे २,५०० किलो अमली पदार्थ हस्तगत केले. त्यांत मोठा भाग चरसाचा होता. एवढ्या विस्तृत समुद्रावर एकट्या देशाची नजर पुरत नाही. ज्या बेटांची लोकसंख्या अल्प व सागरी क्षेत्र अफाट, त्यांना स्वतःच्या बळावर नौदल उभारणे परवडत नाही. तेव्हा समर्थाने दुर्बळास सामग्री द्यावी, ह्यात तत्त्वतः गैर काही नाही. प्रश्न उरतो तो अटींचा.

ह्या प्रश्नाचे जुने उत्तर वसईत आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला आणि बाजीराव पुणे सोडून अखेर वसईस आश्रयास आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. कंपनीने सहा हजारांहून कमी नसलेले कवायती पायदळ, तोफखान्यासह, पेशव्याच्या मुलखात कायमचे ठेवावे. त्याच्या खर्चापोटी पेशव्याने वार्षिक २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. शत्रुराष्ट्रांतील युरोपियनांस नोकरीत ठेवू नये. आणि इतर सत्तांशी बोलणी कंपनीच्या विचाराविना करू नयेत, असे त्याचे सार होते. मे १८०३ मध्ये पेशवा पुण्यास परत बसविला गेला आणि १८१८ मध्ये पेशवाईच संपली. मराठीत ह्या व्यवस्थेस 'तैनाती फौज' असे नाव रूढ झाले. ह्या नावातच मर्म आहे. फौज कोणाची, हा प्रश्न तिच्या खर्चावरून सुटत नाही. ती कोणाच्या हुकुमाने उभी राहते आणि कोणाच्या हुकुमाने परत जाते, ह्यावरून सुटतो. बाजीरावाने खर्च सोसला, परंतु फौज परत धाडण्याचा अधिकार त्याच्या हाती उरला नाही.

आजचे साहाय्य म्हणजे तैनाती फौजच होय, असे म्हणणे मात्र अतिव्याप्तीचे ठरेल. मालदीवचे उदाहरण त्या दृष्टीने बोधप्रद आहे. भारताने तेथे दोन हेलिकॉप्टरे व एक डॉर्नियर विमान दिले होते. टेहळणी, समुद्रावरील शोध आणि रुग्णांची वाहतूक ही त्यांची कामे होती आणि ती चालविण्यासाठी सुमारे ऐंशी भारतीय सैनिक तेथे राहत होते. तेथील राजकारणात आक्षेपाचा भर यंत्रांपेक्षा ती चालविणाऱ्या ह्या गणवेशधारी माणसांवर होता. २०२३ च्या निवडणुकीनंतर नव्या राष्ट्राध्यक्षांनी ती माणसे परत न्यावीत अशी मागणी केली; मे २०२४ पर्यंत सैनिक परत आले व त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. मालदीवच्या अनुभवातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, यंत्रासोबत चालकवर्ग, सुटे भाग आणि दुरुस्तीचे ज्ञान ह्यांचे अवलंबित्वही जाते. दोन, घेणाऱ्यास 'नको' म्हणता आले आणि देणाऱ्याने ते मानले. ह्या एका गोष्टीमुळे १८०२ आणि २०२४ ह्यांत मूलभूत भेद पडतो. जे परत करता येते ते साहाय्य आणि जे परत करता येत नाही ती तैनात, असा निकष ह्यावरून बांधता येईल.

दुसऱ्या गृहीताचा विचार किनाऱ्यावर करावा लागतो. कंपनीने १७७३ पासून बंगाल-बिहारच्या अफूची मक्तेदारी आपल्याकडे घेतली होती. ही अफू कलकत्त्यास लिलावाने विकली जाई व पुढे चीनमध्ये, तेथील बादशाही मनाई मोडून, चोरट्या मार्गाने शिरे. माळव्यातील अफू ह्या मक्तेदारीबाहेरची होती. ती गुजरातमार्गे पोर्तुगिजांच्या दमणास आणि राजपुतान्यातून कराचीस जाऊन तेथून चीनला निघे. कंपनीच्या लेखी हा 'चोरटा व्यापार' ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या बंदरांतून माळव्याची अफू नेण्यास मनाई झाली. १८१८ नंतर माळव्यातील व राजपुतान्यातील संस्थानिकांशी करार होऊन त्यांच्या मुलखांतून अफू जाऊ नये म्हणून नाकेबंदीचा प्रयत्न करण्यात आला व त्याबद्दल संस्थानांना भरपाईही देऊ करण्यात आली. अमली पदार्थांच्या वाहतुकीविरुद्ध शेजाऱ्यांशी केलेल्या करारांचा हा ह्या भागातील एक आरंभीचा नमुना म्हणता येईल. तो फसला. शेतकरी, सावकार व संस्थानिक ह्यांचा हितसंबंध नाकेबंदीच्या विरुद्ध होता. १८३० च्या सुमारास नाकेबंदी सोडून कंपनीने परवाना-पद्धती स्वीकारली. दर पेटीस ठराविक रक्कम भरली की तीच अफू मुंबईहून उजळ माथ्याने जाऊ लागली. १८३५ मध्ये ही रक्कम १२५ रुपये होती. १८४३ मध्ये सिंध जिंकला गेला, कराचीची वाट कंपनीच्या हाती आली आणि १८४७ पर्यंत तोच कर ४०० रुपयांवर चढला.

डॉ. अमर फारुकी ह्यांनी आपल्या १९९८ मधील ग्रंथात ह्या चोरट्या व्यापाराकडे देशी व्यापाऱ्यांनी कंपनीच्या मक्तेदारीस दिलेला शह म्हणून पाहिले आहे. त्यांच्या विवेचनाने मुंबईच्या भांडवलाच्या उगमावर मोलाचा प्रकाश पडला, हे मान्य केले पाहिजे. परंतु व्यापारी आणि कंपनी ह्यांच्या झुंजीवर दृष्टी खिळली की अफू ओढणारा चिनी माणूस ह्या चित्राच्या कडेला जातो. मक्तेदारी मोडणारा आणि मक्तेदारी राखणारा हे दोघेही त्याच्या दृष्टीने सारखेच विक्रेते होते. प्रस्तुत प्रश्नाच्या संदर्भात ह्या इतिहासाचा बोध असा की, 'चोरटा' हे विशेषण वस्तूच्या गुणधर्मावरून नेहमी ठरत नाही. ते पुष्कळदा महसूल व सत्ता ह्यांवरून ठरते. आज हेरॉइनचा महसूल कोणतेही शासन उघडपणे घेत नाही, हा फरक मोठा आहे. तरीही अमली पदार्थांच्या नावाने दिलेली नौका तेवढ्याच कामावर राहत नाही. श्रीलंकेस भारताने विमान दिले. चीनने २०१९ मध्ये त्याच देशास एक युद्धनौका भेट दिली. दोन्ही दात्यांची दृष्टी केवळ चोरट्या पडावांवर होती, असे मानणे भोळेपणाचे होईल.

ह्याच्या उलट बाजूस नोव्हेंबर २०२४ मधील घटना ठेवता येते. अरबी समुद्रात श्रीलंकेच्या ध्वजाखालील मच्छिमार नौकांतून अमली पदार्थ जात असल्याची माहिती श्रीलंकेच्या नौदलाने दिली. भारतीय नौदलाने विमाने व जहाजे लावून दोन नौका शोधल्या. सुमारे ५०० किलो क्रिस्टल मेथ पकडले गेले आणि नौका, माणसे व माल श्रीलंकेच्या स्वाधीन करण्यात आला. येथे साहाय्याचा आरंभ घेणाऱ्याने दिलेल्या माहितीने झाला आणि त्याचा शेवट त्याच्याच न्यायालयाकडे गेला. तैनात आणि साहाय्य ह्यांतील भेद ह्याहून स्पष्ट करता येणार नाही.

आता उरले पहिले गृहीत : विष बाहेरून येते. येथे सातिवलीच्या गाळ्यांकडे वळावे लागते. अफू व कोका ह्यांना शेत लागते, हंगाम लागतो आणि शेत ते गिऱ्हाईक असा लांबचा प्रवास लागतो. ह्या प्रवासाच्या मधोमध गस्तीनौका उभी करता येते. रसायनापासून बनणाऱ्या अमली पदार्थांस ह्यांपैकी काही लागत नाही. पत्र्याचे छप्पर, वीज, पाणी, काही पिंपे आणि रसायनशास्त्राचे जुजबी ज्ञान एवढे पुरे होते. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये भारतात प्रतिबंधित झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये वसईच्याच तालुक्यातील नालासोपाऱ्यात मुंबई पोलिसांनी सुमारे ७०० किलो मेफेड्रोन पकडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्यापर्यंत पुणे पोलीस पोहोचले. त्यापूर्वी २०१६ मध्ये सोलापूर येथे कित्येक टन इफेड्रिन जप्त झाले होते. ते परदेशी पाठविण्याचा बेत असल्याचा पोलिसांचा आरोप होता. सातिवलीच्या गाळ्यांत असे काही चालते, असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तेथे राबणारे हजारो हात प्रामाणिक उद्योगाचे आहेत. म्हणणे इतकेच की, बाहेरून ओळखता येऊ नयेत अशा ह्या शेकडो बंद दारांपुढे समुद्रावरील कोणतीही नौका निरुपयोगी आहे. तिथे लागतो तो रसायनांच्या खरेदी-विक्रीची नोंद तपासणारा निरीक्षक आणि भाडेकरू कोण हे विचारणारा गाळामालक.

अमेरिकेने मेक्सिकोस दिलेल्या साहाय्याचा इतिहास ह्याच निष्कर्षाकडे नेतो. २००७ मध्ये जाहीर झालेल्या मेरिडा योजनेच्या आरंभी हेलिकॉप्टरे, विमाने व तपासणीची यंत्रे ह्यांवर भर होता. त्या काळातच व्यापार शेतातून प्रयोगशाळेकडे सरकला. आयात रसायनांपासून फेंटॅनिल बनू लागले. २०२१ मध्ये दोन्ही देशांनी त्या योजनेच्या जागी नवी चौकट आणली. अमेरिकेच्या दुकानांतून दक्षिणेस वाहणाऱ्या बंदुकांची तक्रार मेक्सिको त्याही आधीपासून करीत होता. शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर पहारा बसविणाऱ्याने स्वतःच्या परसातून काय बाहेर जाते ते पाहिले नाही, तर तो पहारा एकतर्फी राहतो. सोलापूरच्या इफेड्रिनचा प्रश्न भारतालाही हेच बजावतो.

वरील विवेचनावरून युद्धसामग्रीचे साहाय्य सर्वथा त्याज्य ठरत नाही. मात्र त्याचे मूल्यमापन किती नौका दिल्या ह्या गणतीने न होता तीन प्रश्नांनी व्हावयास हवे : घेणाऱ्यास ती सामग्री स्वतः चालविता आणि हवी तेव्हा परत करता येते काय, गुन्हा कोणता हे ठरविण्यात त्याचा शब्द चालतो काय, आणि देणाऱ्याने आपल्या घरातील उत्पादनास तितक्याच कसोशीने आळा घातला आहे काय. पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे वसईच्या करारानंतर सोळा वर्षांच्या आत दिसून आले. दुसऱ्याचे उत्तर दमणच्या अफूत आहे. तिसऱ्याचे उत्तर अद्याप लिहिले जावयाचे आहे. आणि ते समुद्रावर लिहिले जाण्यापेक्षा सातिवलीसारख्या गावांच्या नोंदवह्यांत लिहिले जाण्याचा संभव अधिक आहे.